‘युज्वली’ म्हणजे नक्की काय? अर्थ, वाक्यातली जागा आणि वर्गात शिकवण्याची पद्धत



आज आपण इंग्रजीतलं एक अगदी रोजच्या वापरातलं क्रियाविशेषण बघणार आहोत. शब्द आहे ‘युज्वली’. पाचवी-सहावीच्या मुलालाही तो माहीत असतो. अर्थ विचारला तर मूल पटकन सांगतं, ‘नेहमी’. मग ‘ऑलवेज’ म्हणजे काय, असं विचारा. मूल पुन्हा सांगतं, ‘नेहमी’. दोन शब्दांचा अर्थ एकच असेल तर इंग्रजीत दोन शब्द कशाला? हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, कारण दोन्ही शब्दार्थ त्यांनी वहीत तसेच उतरवून घेतलेले असतात.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्यामुळे असे छोटे शब्द मुलांच्या कानावर लवकर पडतात. पण लवकर पाठ झालेला अर्थ चुकीचा असेल तर तो दहावीपर्यंत तसाच राहतो. म्हणून या एका शब्दाला एक पूर्ण तास द्यावा, असं मी सुचवेन.

अर्थ

‘युज्वली’ म्हणजे बहुतेक वेळा, साधारणपणे, एरवी. एखादी गोष्ट बहुतेक वेळा घडते, तशी घडेल अशी आपली अपेक्षाही असते, पण कधीतरी ती घडत नाही. या ‘कधीतरी घडत नाही’ला जागा ठेवणारा शब्द म्हणजे युज्वली.

‘ऑलवेज’मध्ये ती जागा नसते. ऑलवेज म्हणजे प्रत्येक वेळी, न चुकता.

आपल्या पेणजवळचंच उदाहरण घेऊ. रामवाडीला एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय आहे, त्यामुळे इकडच्या मुलांना एसटी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. समजा, एका मुलीने लिहिलं:

माय फादर ऑलवेज गोज टू वर्क बाय एसटी.
(माझे बाबा दर वेळी, न चुकता एसटीनेच कामाला जातात.)

माय फादर युज्वली गोज टू वर्क बाय एसटी.
(माझे बाबा एरवी एसटीने कामाला जातात. एखाद्या दिवशी शेजारच्या काकांच्या मोटरसायकलवरून जातात किंवा रिक्षा करतात.)

दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर आहेत. पण त्या मुलीच्या घरची खरी परिस्थिती यांपैकी एकच वाक्य सांगतं.

हे शब्द लक्षात राहावेत म्हणून त्यांची मुळं सांगा. ‘ऑलवेज’ हा शब्द ‘ऑल’ आणि ‘वे’ यांपासून बनला. वे म्हणजे वाट. म्हणजे ऑलवेज झालं ‘सगळी वाटभर’. ‘युज्वल’ हा शब्द लॅटिनमधल्या वापर, रीत अशा अर्थाच्या शब्दातून आला. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द आहे, वहिवाट. वहिवाटीच्या रस्त्यानेच आपण बहुतेक वेळा जातो, पण एखाद्या दिवशी बांधावरूनही जातो. ऑलवेज म्हणजे वाटभर आणि युज्वली म्हणजे वहिवाट, असं सांगितलं की मुलं विसरत नाहीत.

घोटाळा ‘नेहमी’मध्ये आहे

मुलं चुकतात याचं कारण मुलांमध्ये नाही. ते आपल्या ‘नेहमी’ या शब्दात आहे. मराठीत ‘नेहमी’ दोन्ही कामं करतो.

“तो नेहमी सातच्या गाडीने जातो, आज मात्र आठच्या गाडीने गेला.” हे वाक्य आपल्याला अजिबात खटकत नाही. नेहमीची गाडी, नेहमीचा दुकानदार, नेहमीप्रमाणे उशीर, या सगळ्या ठिकाणी ‘नेहमी’चा अर्थ ‘युज्वल’ असाच आहे. आणि “नेहमी खरं बोलावं” म्हणताना तोच शब्द ‘ऑलवेज’ होतो. तिथे आपण सवलत ठेवत नाही. मराठी ऐकणारा माणूस संदर्भावरून अर्थ काढतो. इंग्रजीत मात्र लिहिणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं की दोहोंपैकी कोणता शब्द घ्यायचा.

मग मराठीत ‘युज्वली’साठी नेमका शब्द नाही का? आहेत, एक सोडून चार-पाच आहेत. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ते मुलांसमोर मांडले की इंग्रजीबरोबर मराठीही पक्की होते.

एरवी: जिथे आजची गोष्ट वेगळी आहे तिथे हा शब्द फार छान बसतो. “एरवी ती लवकर येते, आज उशीर झाला.” इंग्रजीत: शी युज्वली कम्स अर्ली, बट टुडे शी इज लेट. माझ्या मते ‘युज्वली’ शिकवायला सुरुवात ‘एरवी’पासूनच करावी.

सहसा: हा शब्द आजच्या मराठीत बहुतेक करून नकाराबरोबर येतो. “आजोबा सहसा रागावत नाहीत.” इंग्रजीत: ग्रँडफादर डझन्ट युज्वली गेट अँग्री. एक सावधगिरी घ्या. हिंदीच्या पुस्तकात ‘सहसा’ आला तर त्याचा अर्थ ‘अचानक’ असतो. संस्कृतातही तोच. तीन भाषा शिकणाऱ्या मुलाचा इथे गोंधळ उडू शकतो, तो आधीच सोडवून द्यावा.

साधारणपणे: वेळ, प्रमाण, रीत सांगताना. “शाळा साधारणपणे पाचला सुटते.” इथे युज्वली चालतं.

शक्यतो: हा शब्द फसवा आहे. “शक्यतो पायी जा” यात सवय नाही, सूचना आहे. जमलं तर असं कर, इतकाच त्याचा अर्थ. इथे युज्वली वापरता येत नाही.

बहुतेक: हा सर्वांत जास्त चुका करवणारा शब्द. “बहुतेक वेळा तो येतो” यात युज्वली आहे. पण “तो बहुतेक उद्या येईल” यात सवय नाही, अंदाज आहे. तिथे ‘प्रॉबॅब्ली’ लागतं. मुलं लिहितात, ‘ही विल युज्वली कम टुमॉरो’. चूक. बरोबर वाक्य, ‘ही विल प्रॉबॅब्ली कम टुमॉरो’. ओळखायची खूण सोपी आहे. ‘बहुतेक’च्या पुढे ‘वेळा’ हा शब्द घालून बघा. वाक्य नीट राहिलं तर युज्वली, बिघडलं तर प्रॉबॅब्ली.

शिडीवर ‘युज्वली’ची पायरी

किती वेळा, हे सांगणाऱ्या शब्दांची एक शिडी फळ्यावर काढावी. वरून खाली: ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर. काही पुस्तकांत प्रत्येकापुढे टक्के दिलेले असतात. ते समजावण्यासाठी ठीक आहेत, पण ते काही वजनमाप नाही. वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतात, म्हणून टक्के पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी आठवड्याचे सात दिवस वापरा. सातही दिवस असेल तर ऑलवेज, पाच-सहा दिवस असेल तर युज्वली, तीन-चार दिवस असेल तर ऑफन, एक-दोन दिवस असेल तर समटाइम्स, एकही नसेल तर नेव्हर. हाही अंदाजच आहे, पण मुलांना तो बोटांवर मोजता येतो.

युज्वली आणि ऑफन यांतला फरक थोडा बारीक आहे. ऑफन म्हणजे पुष्कळदा, खूप वेळा. युज्वली म्हणजे बहुतेक वेळा. समजा, एक मुलगा महिन्यातून आठ वेळा संध्याकाळी आजीकडे जातो. आठ वेळा म्हणजे पुष्कळदाच झालं, म्हणून ‘ऑफन’ बरोबर. पण महिन्याच्या बाकी बावीस संध्याकाळी तो जात नाही. म्हणून ‘युज्वली’ चूक. युज्वली वापरायचं तर ‘घडलं’चं पारडं ‘घडलं नाही’पेक्षा चांगलंच जड हवं.

स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंग: यू-एस-यू-ए-एल-एल-वाय. मुलं हमखास एक ‘एल’ गाळतात. नियम सांगितला की चूक थांबते. मूळ शब्द ‘युज्वल’, त्याच्या शेवटी एक एल आहेच. त्याला ‘एल-वाय’ जोडलं, म्हणून एल दोन झाले. ‘फायनली’, ‘रिअली’, ‘केअरफुली’ हे शब्दही असेच बनतात.

उच्चाराबाबत, मधला आवाज मराठीत नाही. आपण लिहिताना ‘युज्वली’ किंवा ‘युझुअली’ लिहितो, पण तो आवाज ‘जग’मधला ज नाही आणि ‘जागा’मधला जही नाही. मुलांना लांबवून ‘श्श्श’ म्हणायला सांगा. मग तोंडाचा आकार तोच ठेवून घशातून आवाज काढायला सांगा. गळ्यावर बोट ठेवलं तर कंप जाणवतो. तोच हा आवाज. ‘टेलिव्हिजन’, ‘प्लेझर’, ‘मेझर’ या शब्दांतही तो आहे. मुलांना जमला तर उत्तम, नाही जमला तरी ‘युज्वली’ म्हटलेलं समजतं. उच्चारासाठी मुलाला वर्गात पुन्हा पुन्हा उभं करू नका.

वाक्यात कुठे ठेवायचा?

मराठीत आपण “मी साधारणपणे दहाला झोपतो” म्हणतो, “साधारणपणे मी दहाला झोपतो” म्हणतो आणि बोलताना “मी दहाला झोपतो साधारणपणे” असंही म्हणतो. इंग्रजीत एवढी मोकळीक नाही. चार नियम पुरे.

१. मुख्य क्रियापदाच्या आधी.
शी युज्वली वॉक्स टू स्कूल. (ती एरवी शाळेत चालत जाते.)

२. ॲम, इज, आर, वॉज, वेअर ही क्रियापदं असतील तर त्यांच्या नंतर.
द मार्केट इज युज्वली क्राउडेड बिफोर गणपती. (गणपतीच्या आधी बाजारात एरवी गर्दी असतेच.)

३. साहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापद असं दोन्ही असेल तर दोघांच्या मध्ये.
यू कॅन युज्वली गेट अ सीट हिअर. (इथे एरवी बसायला जागा मिळते.)

४. जोर द्यायचा असेल तर वाक्याच्या सुरुवातीलाही चालतं.
युज्वली वी ईट ॲट नाइन. (एरवी आम्ही नऊला जेवतो.)

चौथा नियम ‘ऑलवेज’ला लागू नाही. ‘ऑलवेज वी ईट ॲट नाइन’ असं साधं विधान इंग्रजीत करत नाहीत. आज्ञा किंवा सल्ला असेल तर मात्र ऑलवेज पुढे येतं: ऑलवेज वॉश युवर हँड्स.

इथे एक चूक हमखास दिसते. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये युज्वली आलं की मुलं क्रियापदाचा ‘एस’ विसरतात. ‘ही युज्वली गो’ चूक, ‘ही युज्वली गोज’ बरोबर. युज्वली झाकून वाक्य वाचायला सांगा. ‘ही गो’ कानाला लगेच खटकतं.

नकार आणि प्रश्न

नकार: आय डोन्ट युज्वली ड्रिंक टी. (मी सहसा चहा पीत नाही.) ‘आय युज्वली डोन्ट ड्रिंक टी’ हेही बरोबर आहे. अर्थात फारसा फरक पडत नाही.

ऑलवेजचं तसं नाही. ‘आय डोन्ट ऑलवेज ड्रिंक टी’ म्हणजे मी दर वेळी चहा घेतोच असं नाही, कधी घेतो, कधी नाही. ‘सहसा पीत नाही’ आणि ‘दर वेळी पीतोच असं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याने कोणतं वाक्य म्हटलं यावर चहा टाकायचा की नाही ते ठरतं!

प्रश्न: डू यू युज्वली वॉक टू स्कूल? आणि किती वेळा हे विचारायचं असेल तर ‘हाऊ ऑफन’ने सुरुवात: हाऊ ऑफन डू यू व्हिजिट युवर अंकल? उत्तराच्या वाक्यात युज्वली, समटाइम्स, रेअरली यांपैकी शब्द अधोरेखित असेल आणि त्यावर प्रश्न तयार करायचा असेल, तर तो बहुधा ‘हाऊ ऑफन’चा प्रश्न असतो, हे मोठ्या वर्गांना सांगून ठेवा.

युज्वलीचे भाऊबंद

ॲज युज्वल: नेहमीप्रमाणे. ‘ॲज युज्वली’ असा प्रयोग नाही. ही केम लेट, ॲज युज्वल.

युज्वल: नेहमीचा, नेहमीची. आय मिस्ड माय युज्वल बस. (माझी नेहमीची बस चुकली.)

अनयुज्वल: नेहमीपेक्षा वेगळा. वाईटच असतो असं नाही.

यूज्ड टू: इथे मात्र नीट थांबावं लागेल. “मी लहानपणी नदीवर पोहायला जायचो” यातला ‘जायचो’ म्हणजे ‘यूज्ड टू गो’. पूर्वी सवय होती, आता नाही. उच्चार जवळपास ‘यूस्टू’ होतो. ऐकायला तो युज्वलीसारखा वाटतो म्हणून मुलं आजच्या सवयीसाठीही ‘आय यूज टू गो टू स्कूल बाय बस’ लिहितात. हे चूक आहे. आजची सवय सांगायला ‘आय युज्वली गो’. मोडलेली सवय सांगायला ‘आय यूज्ड टू गो’. थोडक्यात, ‘जायचो’ला यूज्ड टू आणि ‘एरवी जातो’ला युज्वली.

असतो: मराठीत आपण “तो रोज शेतावर जात असतो” म्हणतो. त्यावरून मूल ‘ही इज युज्वली गोइंग टू द फील्ड’ लिहितं. साधी सवय सांगायची असेल तर ‘ही युज्वली गोज’ पुरेसं आहे. पण एखाद्या ठरावीक वेळी काम चालू असतं असं सांगायचं असेल तर चालू काळ बरोबर ठरतो: ॲट सेव्हन इन द इव्हनिंग शी इज युज्वली कुकिंग. (संध्याकाळी सातला ती एरवी स्वयंपाक करत असते.) त्यामुळे युज्वलीबरोबर चालू काळ कधीच येत नाही, असा नियम मुलांना देऊ नका.

आणि एकदाच घडलेल्या गोष्टीला युज्वली लावायचं नाही. ‘यस्टरडे आय युज्वली वेंट टू पेण’ याला अर्थच उरत नाही.

आपल्या भागातली तीन उदाहरणं

पुस्तकातली बर्फ आणि ख्रिसमसची उदाहरणं असू द्या, पण आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोरची उदाहरणं घेतली तर शब्द जास्त मुरतो.

पहिलं उदाहरण गणपतीचं. पेणच्या मुलांना मूर्तींचे कारखाने नवीन नाहीत. गणेश चतुर्थी ऑलवेज भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच येते. यात अपवाद नाही. पण इंग्रजी महिना? २०१६ ते २०२५ या दहा वर्षांचं बघा. २०१७, २०२०, २०२२ आणि २०२५ या चार वर्षी चतुर्थी ऑगस्टमध्ये आली, बाकी सहा वर्षी सप्टेंबरमध्ये. आता वर्गाला विचारा, ‘इट युज्वली कम्स इन सप्टेंबर’ म्हणायचं का? दहापैकी सहा म्हणजे पारडं जड आहे, पण फार जड नाही. कोणी म्हणेल युज्वली, कोणी म्हणेल ऑफन. वाद होऊ द्या. तारखा समोर ठेवून शब्द निवडणं, हाच या तासाचा अभ्यास आहे.

दुसरं उदाहरण पावसाचं. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. प्रत्यक्षात २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, २०२४ मध्ये ९ जूनला आणि २०२५ मध्ये तर २६ मेलाच. म्हणून वाक्य असं होतं: द मॉन्सून युज्वली रीचेस मुंबई अराउंड द इलेव्हन्थ ऑफ जून. इथे ऑलवेज लिहिलं तर वाक्य खोटं ठरेल. आणि ‘युज्वली’ हा शब्द दोन-तीन वर्षांवरून ठरत नाही, पुष्कळ वर्षांच्या नोंदीवरून ठरतो, हेही मुलांना यातून कळतं. भाताची पेरणी कधी करायची याचा विचार ज्या घरांत होतो, तिथल्या मुलांना तर हा फरक सांगावाच लागत नाही. पावसाच्या भरवशावर राहायचं, पण तयारी ठेवूनच, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

तिसरं उदाहरण पुराचं. नदीकाठच्या गावांत म्हातारी माणसं सांगतात, “पाणी इथपर्यंत येत नाही.” या वाक्याचे इंग्रजीत दोन अर्थ होतात.

द वॉटर नेव्हर कम्स धिस फार. (पाणी इथवर कधीच येत नाही.)
द वॉटर डझन्ट युज्वली कम धिस फार. (पाणी सहसा इथवर येत नाही.)

पहिलं वाक्य ऐकून माणूस निर्धास्त झोपतो. दुसरं ऐकून तो निदान कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवतो. १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीला महापूर आला आणि सुधागड तालुक्यातल्या जांभूळपाड्यात मोठी जीवितहानी झाली. जे सहसा होत नाही ते एखाद्या रात्री होतं, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. नेव्हर आणि ‘सहसा नाही’ यांतला फरक हा काही फक्त परीक्षेतल्या एका गुणाचा फरक नाही.

वर्गात घ्यायचा उपक्रम

साहित्य काही नको. वही आणि पेन्सिल पुरे.

पहिल्या दिवशी मुलांना वहीत सात चौकोनांचा तक्ता आखायला सांगा. डाव्या बाजूला पाच कामं लिहायची: सकाळी सातच्या आत उठलो, चहा किंवा दूध घेतलं, घरात पाणी भरायला मदत केली, मैदानावर खेळलो, गोष्टीचं पुस्तक वाचलं. आठवडाभर रोज खूण करायची. मोठ्या मुलांनी कामं स्वतः निवडावीत.

आठव्या दिवशी खुणा मोजायच्या आणि प्रत्येक कामावर एक इंग्रजी वाक्य लिहायचं. सहा खुणा असतील तर ‘आय युज्वली...’, सात असतील तर ‘आय ऑलवेज...’. खुणा लिहिलेल्या शब्दाशी जुळतात का, हे शेजारच्या मुलाने तपासायचं. व्याकरण तुम्ही तपासा, खरेपणा मुलांना तपासू द्या.

यात एक गंमत होते. तक्ता आखण्यापूर्वी वाक्यं लिहायला सांगितली तर मुलं ‘आय ऑलवेज गेट अप अर्ली’ असं ठोकून देतात. आठवड्याच्या खुणा समोर आल्या की तीच मुलं ऑलवेज खोडून युज्वली लिहितात, काही जण तर समटाइम्सवर येतात. खाली आल्याबद्दल कोणालाही रागावू नका. शिडीवर खाली येऊन खरं लिहिणाऱ्या मुलाला मी तरी शाबासकी देईन.

आपल्या तोंडातला ‘नेहमी’

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे मोठ्या माणसांबद्दल. “तू नेहमी चुकतोस.” “तू कधीच अभ्यास करत नाहीस.” ही वाक्यं घरातही असतात आणि शाळेतही. मराठीत बोलताना ‘नेहमी’ थोडा सैल अर्थाने येतो हे खरं, पण ऐकणारं मूल तो ऑलवेज म्हणूनच ऐकतं. आणि एकदा ऑलवेज ऐकलं की सुधारायला जागा राहत नाही. आपण सातत्याने चुकतो असं ठरलंच असेल तर प्रयत्न कशाला करायचा?

हेच वाक्य शेऱ्यात लिहिलं जातं तेव्हा ते जास्त काळ टिकतं. आपल्या जिल्ह्यात अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडतात आणि पावसाच्या आधी परततात. आईबापांबरोबर मुलंही जातात. अशा मुलाबद्दल कोणी ‘ऑलवेज ॲब्सेंट’ लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटतं, या मुलाला शाळा नकोच आहे. त्याऐवजी असं लिहून बघा: ही युज्वली अटेंड्स स्कूल फ्रॉम जून टू दिवाळी. आफ्टर दिवाळी ही इज युज्वली अवे विथ हिज पेरेंट्स. (जून ते दिवाळी तो एरवी शाळेत येतो. दिवाळीनंतर तो बहुतेक वेळा आईवडिलांबरोबर बाहेरगावी असतो.)

हजेरीपटावरचे दिवस तेच आहेत. पण दुसऱ्या शेऱ्यात केव्हा आणि का हे दिसतं, म्हणून पुढे काय करायचं तेही सुचतं. हंगामी वसतिगृहात सोय होईल का, शिक्षण हमी पत्रक देऊन तो जिथे जाईल तिथल्या शाळेत बसवता येईल का, हे प्रश्न ‘ऑलवेज ॲब्सेंट’ वाचून कोणी विचारत नाही.

पालकांनाही एक विनंती. आठवडाभर ‘नेहमी’ म्हणण्याआधी मनात ठरवा, मला ऑलवेज म्हणायचं आहे की युज्वली? युज्वली असेल तर ‘एरवी’, ‘बऱ्याचदा’ किंवा ‘बहुतेक वेळा’ म्हणा. “तू बऱ्याचदा वही विसरतोस, काल मात्र आठवणीने नेलीस.” या वाक्यात मुलाला पुढे जायला एक फट दिसते. घरात मराठीत हा फरक पाळला गेला तर इंग्रजीतला फरक शिकवायला शाळेत पाच मिनिटंही लागणार नाहीत.

थोडक्यात

– ऑलवेज म्हणजे दर वेळी. युज्वली म्हणजे बहुतेक वेळा, अपवादाला जागा ठेवून.
– ‘नेहमी’चा अर्थ वाक्यावरून ठरवा. शिकवताना ‘एरवी’पासून सुरुवात करा.
– ‘सहसा नाही’ला डोन्ट किंवा डझन्ट युज्वली. ‘बहुतेक येईल’ला प्रॉबॅब्ली.
– जागा: मुख्य क्रियापदाच्या आधी, ॲम-इज-आरच्या नंतर.
– आजची सवय सांगायला युज्वली, मोडलेली सवय सांगायला यूज्ड टू.
– स्पेलिंगमध्ये दोन एल.

मुलांना गृहपाठ म्हणून एकच प्रश्न द्या: तुझ्या घरात ऑलवेज घडणारी एक गोष्ट आणि युज्वली घडणारी एक गोष्ट लिही. ऑलवेजसाठी त्यांना बराच वेळ विचार करावा लागतो. युज्वलीची वाक्यं मात्र पान भरून येतात.